सतरा नंबरची खुर्ची

मित्रांनो, माझ्या पाठीमागे पांढऱ्या रंगाने '१७' हा आकडा लिहिलेला आहे. तेच माझे नाव. मी चाकांची खुर्ची आहे. पुण्यातल्या इतक्या घरांत मी राहिले आहे की, कुणा भाडेकरूनेही इतकी घरे बदलली नसतील. आता माझे वय झाले. माझी चाके जाण्यापूर्वी आणि गेल्यावर काय काय घडले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

सोळा वर्षांपूर्वी भोसरीच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर निळे रेक्झिन ताणून बसवले. तिथून मी थेट बिबवेवाडीत आले. पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती, अशा एका गाळ्यात 'हातभार रुग्णसाहित्य केंद्र' नावाची संस्था नुकतीच सुरू झाली होती. संस्था म्हणजे दोन माणसे. एक प्रियदर्शनी मेश्राम. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. पुण्यात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. दुसरे नागोराव. ते वाशीमहून कारखान्यात कामाला म्हणून आले आणि इथलेच झाले. पाना आणि तेलाची कुपी हातात असली की ते खूश असत.

सिस्टर म्हणायच्या, "दवाखान्यातून सुटी मिळते. पण घरी गेल्यावर पलंगापासून संडासापर्यंत जायचं कसं, हे त्या कागदावर कुणी लिहून देत नाही." म्हणून त्यांनी खुर्च्या, वॉकर, पलंग जमवले. ज्याला लागेल त्याने न्यावे, काम झाले की परत आणावे, इतकाच नियम. पैसे घ्यायचे नाहीत. एका घरातून वस्तू परत आली की सिस्टर ती डेटॉलच्या पाण्याने पुसत आणि दुसऱ्या घरी पाठवत. त्या काळी देणगीदारही असेच दारातून चालत येत. कुणाच्या आईला पलंग मिळालेला असे, तिचा मुलगा पुढच्या महिन्यात नवा वॉकर घेऊन येई. त्याचे ऐकून त्याचा शेजारी येई. जाहिरात कधी करावीच लागली नाही.

ती माझी उमेदीची वर्षे. किती घरे सांगू? जयसिंग नावाचे रिक्षावाले होते. त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते. मुलीच्या लग्नात ते म्हणाले, "फोटोच्या वेळी मला बाजूला लावा. सगळे उभे, मी एकटा बसलेला, बरं दिसत नाही." मुलीने ते ऐकले. ती मांडवातून एक खुर्ची ओढत घेऊन आली आणि शालूसकट त्यांच्याशेजारी बसली. मग नवराही बसला. पाहता पाहता सगळे व्याही, मावश्या, चुलते खुर्च्या ओढून बसले. त्या लग्नाच्या फोटोत एकही माणूस उभा नाही. जयसिंग त्या दिवशी माझ्या दांड्या इतक्या घट्ट धरून बसले होते की, मला अजून ती पकड आठवते.

आयुष नावाचा एक कॉलेजातला मुलगा होता. त्याचा पाय मोडल्यामुळे दीड महिना मी त्याच्याकडे होते. त्याने सोसायटीच्या वाहनतळावर माझ्या शर्यती लावल्या. मी परत गेले, तेव्हा नागोरावांनी माझे पुढचे चाक फिरवून पाहिले आणि त्याला एवढेच विचारले, "पाय तुझा मोडला होता की हिचा?"

मग मी कोथरूडला गेले. रामदास नावाचे गृहस्थ होते. शाळेत भूगोल शिकवायचे. आता मुलगी उल्का आणि नात तनया यांच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहत. दुपारी चारला उल्काताई त्यांना गॅलरीत आणत. खालून कुणी विचारले, "काय काका, कसे आहात?" की ते म्हणत, "दिसतोय तसा. बसलेला." पण विचारणारा निघून जाऊ लागला की त्याला थांबवून चहाला वर बोलवत. त्या घरात मी दोन वर्षे राहिले. त्यांच्या बोटांनी माझ्या हाताच्या रेक्झिनवर एक खळगा पडला होता. बातम्या ऐकताना ते तिथेच बोट फिरवत.

एकदा ते मुलीला म्हणाले, "उल्का, माझं आटोपलं की ही खुर्ची दुसऱ्या दिवशी परत कर. कुणीतरी वाट बघत असतं."

"असलं काही बोलू नका, बाबा," त्या म्हणाल्या.

रामदासकाका गेले. दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला, मला कुणी परत केले नाही. उल्काताई माझ्यावर स्वच्छ चादर घालत आणि त्या खळग्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहत. त्यांचा मला मुळीच राग आला नाही. पुढे चादर धुवायला गेली, ती परत आली नाही. कुणीतरी घाईत माझ्या पाठीवर ओला टॉवेल टाकला. मग शर्ट. मग आकाशकंदिलाचे खोके माझ्या मांडीवर आले आणि तिथेच राहिले. आधी दुःखामुळे आणि नंतर सवयीमुळे मी त्या गॅलरीत तीन वर्षे उभी होते. माझी चाके जागच्या जागी गंजली. माणसाच्या वजनाची सवय असलेल्या खुर्चीला ओल्या कपड्यांचे वजन फार जड वाटते, मित्रांनो.

तीन वर्षांनी सोसायटीला रंग द्यायचे ठरले आणि गॅलऱ्या रिकाम्या करायला सांगितले. रंगारी म्हणाला, "ही भंगारात द्यायची ना?" तनया तेव्हा खराडीच्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. रविवार असल्याने ती घरी होती. तिने मला भिंतीपासून ओढले, तेव्हा मागचा आकडा आणि त्याखालची 'हातभार, बिबवेवाडी' ही पुसट अक्षरे तिला दिसली.

"आई, ही आपली नाहीये?"

 मग उल्काताईंनी तिला बाबा काय म्हणाले होते ते सांगितले.

तनयाने लगेच मोबाइलवर संस्थेचा शोध घेतला. नकाशावर त्या गाळ्याच्या जागी लाल अक्षरांत लिहिले होते, 'कायमचे बंद'. दुसरीकडे कुठेतरी एक फोन नंबर मिळाला. तो तिने लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "इथे खुर्च्या मिळत नाहीत. नळ मिळतात. रोज दोन जण विचारतात." आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या कुणी तिथेच सोडून दिले असते. तनयाने मला टेम्पोत घातले आणि बिबवेवाडीच्या गल्ल्यांतून विचारत विचारत निघाली. शेवटी एका पिको-फॉलवाल्या बाईने जुन्या गिरणीकडे बोट दाखवले. गाळ्याचे दार उघडे होते. आत नागोराव एका वॉकरला रबर बसवत होते.

"तुम्ही चालू आहात?" तनयाने विचारले.

नागोरावांनी मान वर केली. "म्हणजे?"

"नेटवर लिहिलंय, कायमचं बंद झालंय म्हणून."

"असं? मग मी रोज कुठे येतो?"

एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. ते उठले, माझ्या मागे गेले आणि आकड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "सतरा," ते म्हणाले.  आणि तेलाची कुपी लगेच हातात घेतली.

गाळा मला ओळखू येईना. एके काळी भिंतीला टेकून उभे असलेले पलंग, खुर्च्यांची रांग, काही नव्हते. महामारीच्या वर्षांत होते नव्हते ते सारे बाहेर गेले आणि अर्धेअधिक परत आलेच नाही. संस्थेचा फोन बंद पडला, नवा नंबर कुणाला कळला नाही. दारातून येणारे जुने देणगीदार थकले, काही वारले. त्यांच्या मुलांना गल्ली माहीत नव्हती, आणि जे मोबाइलवर शोधत त्यांना 'कायमचे बंद' दिसे. सिस्टरनी ठरवले होते की, येत्या गुढीपाडव्याला उरलेले सामान एखाद्या रुग्णालयाला देऊन टाकायचे आणि ते दोन शब्द खरे करायचे.

थोड्या वेळाने सिस्टर आल्या. तनयाने त्यांच्याकडे तीन वर्षांबद्दल माफी मागितली. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी वही काढून फक्त एक नाव दाखवले. चंद्रभागा. वय बासष्ट. खुब्याचे हाड मोडले. खुर्ची हवी. त्या नावासमोरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

"चल माझ्याबरोबर," सिस्टर म्हणाल्या. "आज तूच पोचव."

चंद्रभागाबाई दोन गल्ल्या सोडून, पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत राहत. मंडईबाहेर गजरे विकणारी ही बाई चार महिने सतरंजीवर पडून होती. सून आणि शेजारीण दोघींनी मिळून त्यांना उचलले, तेव्हा त्या वेदनेने कळवळल्या. केस सुटले होते, तोंड वेडेवाकडे झाले होते. तनयाने नकळत मोबाइल काढून फोटो घेतला. मग त्या माझ्यावर टेकल्या. तीन वर्षांनी मला माणसाचे वजन मिळाले. चंद्रभागाबाईंनी सुनेला सांगितले, "दारात ने." दारात गेल्यावर त्या कितीतरी वेळ नुसत्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

तनया तिथेच कोपऱ्यात उभी होती. परतताना ती सिस्टरना म्हणाली, "पाडव्यापर्यंत थांबा. मला एक प्रयत्न करू द्या."

नागोराव दर पंधरवड्याला माझे ब्रेक तपासायला येत आणि घडलेले सगळे चंद्रभागाबाईंना सांगत. त्यामुळे पुढचे मलाही कळत गेले. तनयाने सर्वात आधी नकाशावरचे 'कायमचे बंद' काढायला लावले आणि नवा फोन नंबर टाकला. मग तिने एक वेबसाइट केली. ती इंग्रजीत होती. वर एक गोरेपान म्हातारे जोडपे चाकांच्या खुर्चीजवळ दात दाखवत हसत होते आणि 'देणगी द्या' हे बटण तीन ठिकाणी होते.

नागोराव म्हणाले, "हे कोण?"

"असे तयार फोटो मिळतात, काका."

"बिबवेवाडीत कधी दिसले नाहीत."

दोन महिने गेले. वेबसाइट पाहून फक्त एका विमा कंपनीचा आणि एका रंग विकणाऱ्याचा फोन आला. तनया खचली. एका रविवारी ती सिस्टरबरोबर चंद्रभागाबाईंकडे आली, तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये तो पहिल्या दिवसाचा फोटो होता.

दारातच ती हळूच सिस्टरना म्हणाली, "असा फोटो बघून लोक थांबतात. ऑफिसमध्ये एकाला दाखवला, तो लगेच म्हणाला, कुठे पाठवू पैसे."

"थांबतील," सिस्टर म्हणाल्या. "मी एकतीस वर्षं अशी तोंडं बघितली. बघणारा थांबतोच. पण तिला विचारलंस का?"

तनयाने फोटो चंद्रभागाबाईंच्या हातात दिला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ही मी हाय व्हय?"

"हो, मावशी."

"हे लोकान्ला दावायचं?"

"तुम्हाला नको असेल तर नाही दाखवणार."

चंद्रभागाबाईंनी मोबाइल तनयाला परत दिला. त्यांच्या हाताची पकड माझ्या दांडीवर घट्ट झाली होती. मग त्या म्हणाल्या, "फोटो टाक. त्यानं कुणाचं भलं हुणार असंल तर टाक. पर ह्यो न्हाई. उद्या ये. मी केस धुते."

दुसऱ्या दिवशी तनया ऑफिस सुटल्यावर थेट आली. चंद्रभागाबाई हिरवे इरकल नेसून, केसांचा घट्ट अंबाडा घालून माझ्यावर बसल्या होत्या. मांडीवर परातीत शेवंती होती. सुनेने फुले आणली होती आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या गजरा करत होत्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलेही नाही. दोऱ्याकडेच बघत होत्या. तोच फोटो निघाला.

"खाली काय लिहू?" तनयाने विचारले.

"मी बोलते तसं लिही. चार महिनं मी पत्रा बघितला. आता रस्ता बघते. मला बिचारी म्हनू नगा. माझ्यासारख्या कुनाची खुर्ची तुमच्या घरी पडून असंल, तर ती तेवढी परत न्हेऊन द्या."

तनयाच्या डोळ्यांत पाणी आले. हे वाक्य तिच्यासाठी नव्हते, आणि होतेही.

तिने ठरवले की, या फोटोशेजारी आपल्या घरची हकिगतही लिहायची. पण घरी उल्काताई दुखावल्या. सगळ्या कोथरूडला आपली लाज सांगणार का, असे त्या म्हणाल्या म्हणे. तनयाने वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात उल्काताई स्वतः चंद्रभागाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना फक्त मला एकदा बघायचे होते.

चंद्रभागाबाईंनी विचारले, "तुमच्या घरची का ही?"

"माझ्या वडिलांची. म्हणजे, ते बसायचे हिच्यावर."

"चांगली संभाळली तुमी."

"सांभाळली नाही," उल्काताई म्हणाल्या. "अडवून ठेवली." आणि माझ्या हातावरच्या त्या खळग्यापाशी त्यांनी बोट नेले. चंद्रभागाबाईंनी आपला हात बाजूला घेतला आणि त्यांना जागा करून दिली. दोघी खूप वेळ बोलत बसल्या. कशावर बोलल्या म्हणाल, तर शेवंती महाग झाली यावर.

त्या रात्रीच्या जेवणाआधी उल्काताईंनी एक कागद लिहून मुलीच्या हातात ठेवला. त्यात त्यांनी स्वतःला सोडले नव्हते. चार महिने ज्या बाईला उठता आले नाही, तिची खुर्ची आमच्या गॅलरीत कपडे वाळवत होती, असे सरळ लिहिले होते. खाली स्वतःचे नाव.

नव्या पानावर परदेशी जोडपे नव्हते. वर चंद्रभागाबाईंचा फोटो, शेजारी उल्काताईंचे पत्र, मराठीत, आणि खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर. आज काय उपलब्ध आहे, कोण कशाची वाट बघत आहे, एवढी यादी. देणगीचे बटण एकच, सर्वात खाली. उल्काताईंनी ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. तिथून ते कुठे कुठे गेले, कुणास ठाऊक.

पहिल्या रविवारी गाळ्यासमोर तीन रिक्षा थांबल्या. कुणाच्या माळ्यावरून वॉकर आला, कुणाच्या पलंगाखालून दुसरा पलंग. लोक मान खाली घालून येत आणि सिस्टरनी चहा पुढे केला की मान वर करत. गाळा बघून, वही बघून, जाताना विचारत, "अजून काय लागतं तुम्हाला?" देणग्या अशा आल्या. पुन्हा दारातूनच, फक्त या वेळी दार मोबाइलमध्येही होते. पाडवा आला. त्या दिवशी पाच वस्तू बाहेर गेल्या. संस्था आज बंद करायची होती, हे सिस्टरना दुपारी जेवताना आठवले.

तोपर्यंत चंद्रभागाबाई वॉकर धरून चालू लागल्या होत्या आणि मी गाळ्यात परतले होते. म्हणून पुढची गोष्ट मी स्वतः पाहिली. दत्तप्रसाद नावाचे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ रिक्षातून उतरले. हातात वॉकर होता. तो त्यांनी सिस्टरच्या टेबलापाशी आणला, पण हात काही सुटेना.

"हिचा आहे," ते म्हणाले. "तिला जाऊन दोन वर्षं झाली. हा दाराशी असला की ती आत आहे असं वाटतं."

सिस्टर म्हणाल्या, "मग ठेवा ना अजून थोडे दिवस. आम्ही कुठे पळून जातोय?"

"नको. तुमच्या त्या पानावर वाचलं आणि झोप लागेना." ते खुर्चीत बसले. "कुणाकडे जाईल हा?"

"नाव सांगता येणार नाही. पण एक शिक्षिका आहेत."

"नाव नकोच. त्या चालतात का, एवढं कळवाल?"

आठ दिवसांनी तनयाने पानावर एक ओळ लिहिली. 'वॉकर नंबर अठ्ठेचाळीस. काल जिन्यापर्यंत.' पुढच्या आठवड्यात, 'आज खाली अंगणात.' दत्तप्रसादांनी तो मजकूर छापून घेऊन घरात दाराशी लावला, असे ते फोनवर म्हणाले. पुढच्या महिन्यापासून त्यांची मदत न मागता येऊ लागली. ते पाहून तनयाने प्रत्येक वस्तूच्या नंबरापुढे अशी एकेक ओळ लिहायला सुरुवात केली. आता ऐकते की, लोक ती पाने रोज उघडतात. कुठला पलंग कुठे पोचला, कोण उठून बसले, ते वाचतात आणि मग हात पुढे करतात.

माझ्या नंबरापुढेही ओळी आहेत. शेवटची मागच्या महिन्यातली. नागोरावांना माझ्या सांगाड्यात सांध्याजवळ तडा दिसला. त्यांनी दोनदा बोट फिरवून खात्री केली आणि सिस्टरना म्हणाले, "माणूस बसवायचा नाही आता हिच्यावर." मग त्यांनी माझी दोन्ही मोठी चाके काढली, तेल दिले आणि प्रियांका नावाच्या एका शाळकरी मुलीच्या लहान खुर्चीला बसवली. ती मुलगी आता धनकवडीत रोज शाळेला जाते. मी बिनचाकाची भिंतीला टेकून असते. नागोरावांना भंगारवाल्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते पाना घेऊन दुसऱ्या खुर्चीकडे वळले.

मित्रांनो, मला तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे. आज घरी गेलात की गॅलरीत, माळ्यावर, पलंगाखाली एकदा बघा. तिथे माझी एखादी बहीण उभी असेल. तुमच्या आजोबांची असेल, आईची असेल. तिला लगेच हलवता येणार नाही, मला ठाऊक आहे. थोडा वेळ तिच्यावर हात ठेवून बसा. मग ओल्या फडक्याने पुसा, चाकांत तेल घाला आणि जिथून आणली तिथे पोचवा. तिथला पत्ता सापडत नसेल तर शोधा, विचारा, नकाशावर बंद लिहिले असले तरी जाऊन बघा. आतमध्ये कुणीतरी वॉकरला रबर बसवत असेल, आणि वहीत एक नाव तुमची वाट बघत असेल.